घरच्या जलतरण तलावाला मिठाचे क्लोरीन यंत्र : मराठवाड्याच्या पाण्यात खरा खर्च किती?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या बाहेर जालना रस्त्यालगत आपले शेतघर आहे आणि तिथे ३० फूट लांब, १४ फूट रुंद व सरासरी ४ फूट खोल असा उघडा तलाव बांधून झाला आहे. ठेकेदाराने ताशी २५ ग्रॅम क्लोरीन तयार करणाऱ्या परदेशी सॉल्ट क्लोरिनेटरचे करासह १ लाख ६५ हजार रुपयांचे कोटेशन दिले असून, ‘एकदा मीठ टाकले की पुढे क्लोरीनचा खर्च नाही’ असे सांगितले आहे. पाणी बोअरचे आहे, त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण, ११०० च्या आसपास आहे आणि उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो. हे यंत्र घ्यावे की नाही आणि पाच वर्षांत एकंदर किती पैसे जातील, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

माझे मत आधीच सांगतो. निव्वळ पैशांच्या हिशेबात हे यंत्र आपल्याकडे स्वतःची किंमत भरून काढत नाही. ते घेण्याची कारणे वेगळी आहेत आणि ती चांगली कारणे आहेत. पण ती आपल्याला लागू होतात का, हे ठरवण्यासाठी कोटेशनपेक्षा बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल अधिक उपयोगाचा आहे. तो अहवाल हातात नसेल, तर यंत्राची आगाऊ रक्कम अद्याप देऊ नये.

यंत्र करते ते एवढेच : पाण्यात दर लिटरला साधारण साडेतीन ग्रॅम, म्हणजे ३५०० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), मीठ विरघळवलेले असते. हे पाणी पंपाच्या दाबाने एका नळकांड्यातून जाते, त्याला सेल म्हणतात. सेलमध्ये रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा पातळ लेप दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. त्यांच्यातून कमी दाबाची एकदिश वीज गेली की मिठापासून क्लोरीन तयार होतो, तो लगेच पाण्यात मिसळतो, जंतू व शेवाळ मारतो आणि काम झाल्यावर पुन्हा क्लोराइडच्या रूपात पाण्यातच राहतो. मीठ संपत नाही ते या अर्थाने. समुद्राच्या पाण्यात याच्या दहापट मीठ असते, त्यामुळे तोंडात पाणी गेले तर किंचित खारट लागते, यापलीकडे काही जाणवत नाही. मात्र हा ‘क्लोरीन नसलेला’ तलाव आहे ही विक्रेत्यांची भाषा खरी नाही. क्लोरीन तोच असतो, फक्त तो डब्यातून येण्याऐवजी जागेवर तयार होतो. पाहुण्यांना कारण नसताना चुकीचे सांगू नये, म्हणून हे लिहिले.

आता आपल्या तलावाचे आकडे घेऊ. ३० × १४ × ४ म्हणजे १६८० घनफूट, म्हणजे सुमारे ४७,५०० लिटर पाणी. उघड्या तलावात, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, पाण्यात उन्हापासून क्लोरीन वाचवणारे सायन्युरिक आम्ल योग्य प्रमाणात असले तरी दिवसाला साधारण ३ पीपीएम क्लोरीन खर्च होतो असे धरून चालावे. याचा अर्थ दिवसाला सुमारे १४० ग्रॅम क्लोरीन. ताशी २५ ग्रॅमचा सेल ही गरज पूर्ण क्षमतेने चालून पावणेसहा तासांत भागवतो, म्हणून ठेकेदाराने सुचवलेला आकार योग्य आहे. १२ किंवा १५ ग्रॅमचे यंत्र ४०-५० हजार रुपयांनी स्वस्त पडेल, पण ते उन्हाळ्यात रोज दहा-बारा तास पूर्ण भाराने चालवावे लागेल. पट्ट्यांचे आयुष्य चालू असलेल्या तासांवर मोजले जाते, त्यामुळे वाचलेले पैसे पुढच्या सेलमध्ये जातात. शिवाय दहा-बारा तास अखंड वीज आपल्या भागात दर उन्हाळ्यात मिळेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आकाराच्या बाबतीत काटकसर करू नये, एवढे या यंत्राविषयी मी निःशंकपणे सांगू शकतो.

सायन्युरिक आम्लाचा उल्लेख आला आहे, तर ते एका वाक्यात सांगतो : ते नसेल तर उघड्या उन्हात पाण्यातला निम्मा क्लोरीन तासाभरात उडतो आणि सेल दिवसभर सूर्यासाठीच क्लोरीन तयार करत राहतो. मिठाच्या तलावात ते ६० ते ८० पीपीएम ठेवतात. आपल्या तलावाला सुरुवातीला तीन-साडेतीन किलो पुरेल आणि त्याला हजार-बाराशे रुपये लागतील.

मिठाचा खर्च सगळ्यात कमी आहे, पण चूक इथेच अधिक होते. आपल्या बोअरचा टीडीएस ११०० आहे म्हणजे पाण्यात ११०० पीपीएम मीठ आहे, असे धरून काही ठेकेदार तेवढे मीठ कमी टाकतात. टीडीएसमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, सल्फेट सगळेच येते. यंत्राला उपयोगी असतो तो क्लोराइड. अहवालात क्लोराइड लिटरला २०० मिलिग्रॅम आले, तर त्याला १.६५ ने गुणून मीठ ३३० पीपीएम धरायचे, ३५०० मधून ते वजा करायचे आणि उरलेल्या ३१७० ला ४७.५ घनमीटरने गुणायचे, म्हणजे दीडशे किलो होतात. ५० किलोच्या तीन गोण्या. मीठ शुद्ध केलेले, बारीक, आयोडीन नसलेले घ्यावे. जनावरांना घालतात ते खडेमीठ स्वस्त मिळते म्हणून तलावात टाकू नये. त्यात माती आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि पाण्याचा कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, वाढवणारी कोणतीही गोष्ट आपल्याकडे मुळातच नको आहे. किलोला २० रुपये धरले तरी तीन हजारांत हे काम होते. पुढे दरवर्षी बॅकवॉशमधून, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना, उडणाऱ्या पाण्यातून आणि पावसाळ्यात तलाव भरून वाहिल्यामुळे शंभर ते सव्वाशे किलो मीठ जाईल, ते भरून काढावे लागेल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर आहे आणि खडकाच्या भेगांत साठलेले बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर चालवून घेण्याची मर्यादा ६०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. ४००-५०० च्या घरात कठीणपणा असलेले बोअर मला नवीन नाही. जलतरण तलावात कॅल्शियमचा कठीणपणा २०० ते ४०० च्या दरम्यान असावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे तलाव भरला त्या दिवशीच आपण वरच्या टोकाला असतो.

अडचण त्यानंतर सुरू होते. आपल्या तलावाचा पृष्ठभाग ३९ चौरस मीटर आहे. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत दिवसाला सरासरी ८ मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते असे धरले, तर रोज ३१० लिटर, म्हणजे शंभर दिवसांत ३१ हजार लिटर पाणी उडून जाते. ते शुद्ध पाणी म्हणून उडते, क्षार मागे ठेवून. त्या जागी आपण पुन्हा बोअरचे पाणी सोडतो. त्याचा कठीणपणा ५०० असेल, तर शंभर दिवसांत साडेपंधरा किलो क्षार तलावात नव्याने येतात आणि कठीणपणा सुमारे ३२५ पीपीएमने वाढतो. ५०० वर सुरू झालेला तलाव मृगाच्या पावसापर्यंत ८०० च्या पुढे जातो. टँकरचे पाणीही बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी बोअरचेच असते, त्यामुळे त्याने यात फरक पडत नाही.

साध्या क्लोरीनच्या तलावात अशा पाण्याने फरशीच्या रेषेवर पांढरा पट्टा बसतो, तो घासून निघतो. मिठाच्या यंत्रात मात्र हेच क्षार थेट सेलच्या पट्ट्यांवर बसतात, कारण ऋण बाजूच्या पट्टीलगतच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) तलावापेक्षा पुष्कळ जास्त असतो आणि तिथे कॅल्शियम कार्बोनेट पटकन सुटे होते. अशा पाण्यावर चार-सहा आठवडे चाललेला सेल काढून उजेडात धरला, तर पट्ट्यांमधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटी कडेपासून भरत आलेल्या दिसतात. पाणी बाहेर येते त्या टोकाला थर जास्त असतो, नखाने टोकरला तर भिंतीच्या जुन्या चुन्यासारखा पापुद्रा निघतो, आणि काही ठिकाणी दोन पट्ट्या त्या थराने जोडलेल्याच असतात. फट बुजली की वीज तिथून जात नाही, उरलेल्या भागावर भार येतो आणि तेवढ्या भागातला लेप लवकर झिजतो.

यंत्रे दर काही तासांनी विजेची दिशा उलटवून हा थर झाडून टाकतात. साधारण पाण्यात तेवढे पुरते. जड पाण्यात पुरत नाही आणि सेल काढून आम्लाने धुवावा लागतो. त्यासाठी बाजारातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक भाग नऊ-दहा भाग पाण्यात घालावा. पाणी आधी, आम्ल नंतर, हा क्रम कधीही बदलू नये. बुडबुडे थांबेपर्यंत, जास्तीत जास्त दहा-पंधरा मिनिटे, सेल त्यात ठेवावा. लोखंडी सळईने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडणे म्हणजे लेपच काढून टाकणे आहे. प्रत्येक आम्लधुणीत लेपाचे थोडे आयुष्य जाते, म्हणून वर्षातून दोन-तीनदा धुणे ठीक. दर महिन्याला धुवावे लागत असेल, तर दोष सेलचा नसून पाण्याचा आहे.

याचा खर्चाशी संबंध असा आहे. चांगल्या सेलचे आयुष्य दहा हजार तासांच्या आसपास धरतात. आपल्या तलावाला वर्षभराची सरासरी घेता दिवसाला सव्वाचार तास पूर्ण क्षमतेचे काम लागेल, म्हणजे वर्षाला सुमारे दीड हजार तास. या हिशेबाने सेल सहा-साडेसहा वर्षे चालायला हवा, आणि मऊ पाण्यावर तो चालतोही. जड पाण्यावर, पीएचकडे लक्ष नसेल तर, तो तीन-चार वर्षांत जातो. नवा सेल सामान्यतः पूर्ण यंत्राच्या ४० ते ५० टक्के किमतीचा असतो. आपल्या बाबतीत ७० हजार रुपये धरा. ‘क्लोरीनचा खर्च नाही’ या वाक्यात हे ७० हजार लपलेले आहेत. आपण क्लोरीन रोज विकत घेण्याऐवजी चार वर्षांनी एकदम विकत घेतो, इतकाच त्याचा अर्थ.

पीएचकडे लक्ष देणे म्हणजे आम्ल टाकणे. मिठाच्या तलावात पीएच सतत वर जातो, कारण सेलमध्ये तयार होणाऱ्या हायड्रोजनच्या बुडबुड्यांबरोबर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यात आपल्या बोअरच्या पाण्याची क्षारताही (अल्कलिनिटी) जास्त असते. तो ७.२ ते ७.६ मध्ये ठेवायला उन्हाळ्यात महिन्याला सहा ते दहा लिटर आम्ल लागेल. पैसे फारसे नाहीत, महिन्याला दोनशे रुपयांच्या आतबाहेर. पण ते दर तीन-चार दिवसांनी कोणीतरी मोजून टाकावे लागते. सालगड्याला किंवा माळ्याला हे शिकवता येते. मात्र ‘यंत्र बसवले आहे, आता बघायला नको’ असे घरच्यांनीच ठरवले, तर तो तरी कशाला बघेल?

विजेबद्दल लोक उगाच घाबरतात. एक ग्रॅम क्लोरीनला साधारण ६ वॉट-तास वीज लागते, म्हणजे सरासरी महिन्याला २० युनिट. युनिटला १२ रुपये धरले तर २४० रुपये. खरे बिल पंपाचे असते आणि पंप तर कोणत्याही पद्धतीत चालवावाच लागतो. काळजी घ्यायची ती विजेच्या दर्जाची. गावच्या फीडरवर दाब वर-खाली होतो, वळवाच्या पावसात विजा पडतात आणि यंत्राचा इलेक्ट्रॉनिक भाग त्यातच जळतो. तो हमीत सहसा बसत नाही. स्टॅबिलायझर, सर्ज प्रोटेक्टर, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि व्यवस्थित अर्थिंग यांसाठी १२-१५ हजार रुपये वेगळे ठेवा. आरसीसीबी आणि अर्थिंग तर यंत्र घ्या अगर न घ्या, तलावाला हवेच. शेतीपंपाच्या जोडणीवरून तलाव चालवायचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. ते नियमात बसत नाही.

आता ज्या खर्चाबद्दल कोटेशनमध्ये अवाक्षरही नसते, त्याबद्दल. आपल्याकडे पाणी टाकून देण्याची सवय नाही आणि ती नसावीच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या प्रदेशात आपण राहतो. त्यामुळे तलावाचे बॅकवॉशचे पाणी बहुतेक शेतघरांत झाडांना सोडलेले असते. साध्या क्लोरीनच्या तलावाचे बॅकवॉश दोन दिवस उन्हात खड्ड्यात ठेवले, तर क्लोरीन उडून जातो आणि ते झाडांना चालते. मिठाच्या तलावाचे तसे नाही. वाळूचा फिल्टर आठवड्याला एकदा तीन मिनिटे उलटा धुतला तर पाचशे-सहाशे लिटर पाणी जाते, म्हणजे महिन्याला सव्वादोन हजार लिटर आणि त्यातून आठ किलो मीठ. हे आठ किलो मीठ दर महिन्याला एकाच चारीत, काळ्या जमिनीत जात राहिले, तर काय होते हे शेतकऱ्याला सांगायला नको : सोडियम वाढतो, चिकणमातीचे कण सुटे होतात, पाणी मुरेनासे होते, जमीन चोपण होत जाते. पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपासचा, तोही बेभरवशाचा, त्यामुळे मीठ खाली वाहून जाण्याची आशा धरू नये. मोसंबी मिठाला विशेष नाजूक आहे. पाने कडेने करपायला लागली की उशीर झालेला असतो. आपल्या तलावाच्या उताराच्या बाजूला मोसंबीच्या ओळी असतील, तर हा मुद्दा मी किमतीच्याही वर ठेवीन.

यावर उपाय आहे. वाळूच्या फिल्टरऐवजी कार्ट्रिज फिल्टर घेतला तर बॅकवॉशच लागत नाही. कार्ट्रिज महिन्या-दोन महिन्यांनी काढून पाइपने धुतात, त्याला शे-दोनशे लिटर पुरतात. फिल्टर अजून बसवला नसेल तर ठेकेदाराशी आजच बोला. बसवला असेल, तर बॅकवॉशसाठी तळाला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, उथळ असा एक बाष्पीभवनाचा खड्डा शेताच्या पडीक कोपऱ्यात करावा. वाफ होण्याचा जो वेग तलावात आपल्याला नडतो, तोच इथे कामाला येतो.

दगड आणि धातूंचेही थोडे पाहावे. तलावाच्या काठावर शहाबादी किंवा कोटा फरशी असेल, तर खारे पाणी तिच्या सांध्यांत शिरते, सुकते, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात. सीलर मारून आणि काठ गोड्या पाण्याने अधूनमधून धुऊन हे लांबवता येते. शिडी ३०४ प्रतीच्या स्टीलची असेल तर तिला तांबूस ठिपके पडतील. ३१६ प्रतीची घ्यावी, फरक काही हजारांचा असतो. तलाव गरम करण्याचा विचार नसल्याने तांब्याच्या हीटरचा प्रश्न आपल्याकडे येत नाही.

आता बेरीज. पाच वर्षांत यंत्र १,६५,०००, विजेचे संरक्षण व जोडणी १२,०००, पहिले मीठ आणि सायन्युरिक आम्ल ४,०००, नंतरचे मीठ साडेबारा हजार, आम्ल १०,०००, सेलची वीज साडेचौदा हजार, आणि चौथ्या वर्षी नवा सेल ७०,०००. एकूण २ लाख ८८ हजार. पंपाची वीज आणि देखभालीचा पगार दोन्ही पद्धतींत सारखा असल्यामुळे धरलेला नाही. काठाची फरशी आणि जमीनही यात धरलेली नाही.

याच्याशी तुलना करायची ती गोळ्यांशी नाही. गोळ्या, म्हणजे ट्रायक्लोर, वापरायला सोप्या आहेत. किलोला तीनशे रुपये धरले तर वर्षाला १२-१३ हजारांत काम होते. पण प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनबरोबर त्या ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात सोडतात. उन्हाळ्यातल्या एका महिन्यात ते ५० च्या वर वाढते, दोन-तीन महिन्यांत क्लोरीनची धार बोथट होते, पाणी हिरवट दिसू लागते आणि अर्धा तलाव रिकामा करण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. २४ हजार लिटर पाणी, तेही मे महिन्यात. टँकरचे पैसे एक वेळ देता येतील, पण शेजारच्या वस्तीवर हंड्यांची रांग असताना आपण तलाव उपसावा हे मला तरी पटत नाही. विक्रेते मिठाच्या यंत्राची तुलना नेहमी गोळ्यांशी करतात आणि तिथे यंत्र जिंकते, कारण त्याने सायन्युरिक आम्ल वाढत नाही. हा त्याचा खरा गुण आहे आणि तो मान्य करायलाच हवा.

खरी तुलना द्रव सोडियम हायपोक्लोराइट (हायपो) आणि ते मोजून आपोआप सोडणारा छोटा डोसिंग पंप यांच्याशी आहे. डोसिंग पंप, टाकी व जोडणी २५ हजारांत होते. दहा टक्क्यांचे हायपो वर्षभराच्या सरासरीने महिन्याला तीस-बत्तीस लिटर लागेल. लिटरला २० रुपयांनी पाच वर्षांत ३८ हजार. नळ्या, पडदा व इंजेक्टर बदलणे १५ हजार, पीएचसाठीचे आम्ल १० हजार, किरकोळ दोन हजार. एकूण ९० हजारांच्या आसपास, म्हणजे मिठाच्या यंत्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. हायपोतूनही पाण्यात मीठ जातेच, पण ते उन्हाळ्यात महिन्याला दीडशे पीपीएमच्या आसपास. बाग त्याने लगेच धोक्यात येत नाही, आणि एका चांगल्या पावसाळ्यात त्यातला बराच भाग निघून जातो.

हायपोचा दोष असा की ते उष्णतेत मरते. ३५ अंशांवर त्याची ताकद आठवड्यागणिक उतरत जाते, ४०-४२ अंशांच्या पत्र्याच्या खोलीत त्याहूनही लवकर. म्हणून ते आठ-दहा दिवसांपुरतेच आणावे, सावलीत ठेवावे, आणि दुकानदाराकडे कॅन किती दिवस उभा होता हेही विचारावे. संभाजीनगरच्या जवळ असल्यामुळे आपल्याला हे जमण्यासारखे आहे. एखादे शेतघर शहरापासून साठ-सत्तर किलोमीटर आत असेल, ताजे हायपो नियमित मिळत नसेल, घरचे लोक महिन्यातून एकदाच येत असतील आणि जागेवर राहणारा माणूस आम्ल टाकण्यापलीकडे काही करू शकत नसेल, तर तिथे मी पावणेतीन-तीन लाखांचा खर्च धरूनही मिठाचेच यंत्र सुचवतो. कॅन वाहणे, साठवणे, त्वचेवर-कपड्यांवर उडणे हे सगळे त्याने टळते आणि रोज थोडा-थोडा क्लोरीन मिळत राहिल्याने पाणी डोळ्यांना व कातडीला खरोखर सौम्य वाटते. त्या सोयीची किंमत ज्याने त्याने ठरवायची आहे.

तरीही यंत्र घ्यायचे ठरले, तर आधी तीन कामे करावीत. पहिले म्हणजे बोअर आणि टँकर या दोन्ही पाण्यांची तपासणी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ती होते. अहवालात एकूण कठीणपणा, कॅल्शियम, क्षारता आणि क्लोराइड हे चार आकडे हवेतच. एकूण कठीणपणा ३०० च्या आत असेल तर निर्धास्त घ्या. ३०० ते ५०० असेल तर पुढचे दुसरे काम केल्याशिवाय घेऊ नका. त्याच्या वर असेल तर मी आपल्याला डोसिंग पंपच बसवून देईन.

दुसरे काम पावसाच्या पाण्याचे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के धरला, तर ५० हजार लिटरहून अधिक पाणी मिळते. आपला तलाव पूर्ण भरून वर उरेल इतके हे पाणी आहे आणि त्यात कठीणपणा जवळपास नसतो. पहिल्या एक-दोन सरी बाहेर सोडाव्यात, मग गाळणीतून हे पाणी तलावात आणि जमल्यास एखाद्या बंद टाकीत घ्यावे. उन्हाळ्यातली निम्मी भर टाकीतल्या पाण्याने घातली, तर वर सांगितलेली ३२५ पीपीएमची वाढ निम्म्यावर येते. त्याच्या जोडीला तलावावर शेतीची हिरवी शेडनेट ताणावी. ७५ टक्क्यांची नेट आणि तारांचा सांगाडा एवढ्या क्षेत्राला फार महाग पडत नाही. ऊन कमी झाले की वाफ कमी होते, क्लोरीनची गरजही उतरते आणि सेल कमी तास चालतो. शेवग्याच्या-गुलमोहराच्या पाकळ्याही तलावात पडत नाहीत, हा वरचा फायदा.

तिसरे, ठेकेदाराकडून काही गोष्टी लेखी घ्याव्यात. ताशी २५ ग्रॅम हा आकडा किती मिठावर आणि किती तापमानाला दिला आहे. काही यंत्रांवर तो ५००० पीपीएमवरचा असतो आणि ३५०० वर उत्पादन बरेच उतरते. सेलची हमी वर्षांत आहे की तासांत, आणि कठीणपणा किती असेल तर ती रद्द होते. हे कलम हमीपत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते, ते ठेकेदारासमोर बसून वाचावे. सुट्या सेलची आजची किंमत काय आणि तो महाराष्ट्रात कुठे शिल्लक असतो, की दर वेळी बाहेरून मागवून दीड महिना थांबावे लागते. आणि सेलच्या दोन्ही बाजूंना युनियन (उघडता येणारे जोड) व व्हॉल्व्ह देऊन बायपास नळी टाकली आहे ना, म्हणजे सेल धुवायला काढला तरी तलावाचा पंप चालू राहील. ही नळी बसवायला पंधराशे-दोन हजार रुपये लागतात. पाइप बुजवून फरशी झाल्यावर तीच टाकायची तर फोडतोड करावी लागते, म्हणून पाइप बुजवण्याआधी जागेवर उभे राहून ती पाहून घ्यावी.